परखड चर्चा : आपला वारसा आणि आपली जबाबदारी

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या समारंभात बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा आभारी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही तिने मला दिले, आणि त्याचा लाभ घेऊन मी आज थोडा अवघड विषय आपल्यापुढे ठेवणार आहे. ज्या प्रश्नांवर आपल्यातच तीव्र मतभेद आहेत, त्या प्रश्नांवर आपण एकमेकांशी सविस्तर आणि परखडपणे बोलतो काय, हा तो विषय होय.

आपल्या कार्यक्रमांचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. त्रिसरण-पंचशील होते, प्रतिमांना पुष्पहार अर्पण होतो, पाहुण्यांचे स्वागत होते, दोन-तीन भाषणे होतात, मुले गाणी म्हणतात, आणि मग भोजनाची वेळ होते. सभागृह ठरावीक तासांसाठीच भाड्याने मिळते. त्यामुळे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेली दहा मिनिटे 'वेळेअभावी' गाळावी लागतात. परक्या देशात नोकरी-व्यवसाय सांभाळून संस्था चालविणे किती कष्टाचे असते, हे मी जाणतो, आणि म्हणून मी कोणालाही दोष देत नाही. तथापि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. वेळ पुरेसा असला, तरी काही विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाहीत. कोणी काढलेच, तर एखादा ज्येष्ठ सदस्य सद्भावनेने म्हणतो, "आधीच आपण मूठभर लोक. त्यात हा वाद कशाला?" विषय तेथेच मिटतो. संस्थेत शांतता नांदते, आणि त्या शांततेचे आपल्याला समाधान वाटते.

अशाच एका शांततेची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आली आहे. कोसल देशातील काही भिक्खूंनी एके ठिकाणी वर्षावास करावयाचे ठरविले. तीन महिने एकत्र राहावयाचे आणि भांडण तर व्हावयास नको, म्हणून त्यांनी परस्परांशी मुळीच न बोलण्याचा नियम केला. जो भिक्षा घेऊन आधी येई तो आसने मांडी आणि पिण्याचे पाणी भरून ठेवी. जो मागून येई तो झाडलोट करी. पाण्याचा घडा एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी. शब्द मात्र कोणी उच्चारीत नसे. वर्षावास संपल्यावर हे भिक्खू सावत्थीला जेतवनात भगवंतांच्या दर्शनास गेले आणि आपण किती सलोख्याने राहिलो, हे त्यांनी सांगितले. त्यांना प्रशंसेची अपेक्षा असावी. परंतु भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली. असे राहणे म्हणजे गुरामेंढरांनी एका गोठ्यात राहण्यासारखे आहे, असे त्यांनी बजावले, आणि मौनव्रताला मनाई केली. त्याऐवजी त्यांनी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघापुढे बसावे आणि विनंती करावी की, माझ्या वर्तनात आपणास जे काही दोषास्पद दिसले असेल, ऐकू आले असेल किंवा ज्याविषयी शंका आली असेल, ते आपण मला करुणेने सांगावे. ही विनंती सर्वात ज्येष्ठ भिक्खूने प्रथम करावयाची असते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मौनातून येणारी शांतता आपल्या शास्त्याने अडीच हजार वर्षांपूर्वीच नाकारली होती, असा या कथेचा अर्थ मी लावतो.

चर्चा करावी हे मान्य केले, तरी ती कशी करावी हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मिलिंदप्रश्नात आहे. सागल नगरीचा ग्रीक राजा मिलिंद हा मोठा वादपटू होता. भदंत नागसेनांना त्याने चर्चेचे आवाहन केले, तेव्हा त्यांनी एक अट घातली. राजा पंडितांच्या रीतीने बोलणार असेल तर चर्चा होईल, राजांच्या रीतीने बोलणार असेल तर होणार नाही. राजाने फरक विचारला. पंडितांच्या चर्चेत एखाद्याचे म्हणणे खोडून काढले जाते, त्याची चूक दाखविली जाते, तो ती मान्य करतो किंवा उलट उत्तर देतो, परंतु त्यामुळे कोणी रागावत नाही, असे नागसेनांनी सांगितले. राजे मात्र एखादे विधान करतात, आणि जो असहमती दाखवील त्याला दंड करतात. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे याच राजाचे नाव दिले, आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या प्रांगणात शिकलेले काही जण आज या सभागृहात बसलेले आहेत. आपल्या महाविद्यालयाला वादात हरलेल्या, आणि हार मान्य करण्याइतक्या मोठ्या मनाच्या राजाचे नाव का मिळाले, याचा त्यांनी पुन्हा एकदा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

बाबासाहेबांचे स्वतःचे आयुष्य तर अशा चर्चांनीच भरलेले आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मजकूर पाहून मंडळ बिचकले आणि त्याने त्यात फेरफार सुचविले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. इतके आपण सर्व जण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच्या पुढचा भाग आपण क्वचितच सांगतो. गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्या भाषणावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आपल्या ग्रंथाला जोडली आणि तिच्यापुढे आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकाने त्याच्याच शब्दांत वाचावे आणि मग निर्णय करावा, इतका विश्वास त्यांना आपल्या युक्तिवादावर होता आणि वाचकाच्या बुद्धीवरही होता.

धर्मांतराचेच उदाहरण घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी घोषणा केली, आणि दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न लोकांपुढे पुनःपुन्हा मांडला. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईला भरलेल्या महार परिषदेतील त्यांचे 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण आपण वाचले असेल. एवढा लोकोत्तर पुढारी नुसती आज्ञा करू शकला असता. त्यांनी मात्र धर्मांतराविरुद्धचे आक्षेप एकेक करून उचलले, त्यांना उत्तरे दिली, आणि निर्णय श्रोत्यांच्या विवेकावर सोपविला.

संविधान सभेतही हेच दिसते. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या, आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी, ज्यांनी त्यांना सर्वाधिक भंडावून सोडले होते, त्या हरी विष्णू कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू प्रभृतींचे नावानिशी ऋण मान्य केले. सर्वांनीच पक्षशिस्तीपुढे मान तुकविली असती तर संविधान सभेचे कामकाज अगदी निरस झाले असते, असा त्यांचा अभिप्राय होता. त्याच भाषणात त्यांनी भिक्खुसंघाची आठवण काढली. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, शलाकेने मतदान हे सारे संघाला ठाऊक होते, असे त्यांनी देशाला सांगितले.

हा इतिहास मी आपल्यापुढे आळविला, त्याला कारण आहे. आज आपल्यापुढे एक असा प्रश्न उभा आहे की ज्यावर आपण बोलावयाचे टाळतो. तो म्हणजे अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा प्रश्न.

वस्तुस्थिती प्रथम पाहू. पंजाब सरकारने १९७५ साली अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबी शीख यांना प्राधान्य दिले. आंध्र प्रदेशाने पुढे असेच वर्गीकरण केले, तेव्हा २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले, आणि पंजाबची व्यवस्थाही अडचणीत आली. पंजाबच्याच खटल्यात १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय फिरविला, आणि राज्यांना उपवर्गीकरणाचा अधिकार आहे असे सांगितले. त्यासाठी मागासलेपणाची आकडेवारी असली पाहिजे, आणि सर्वच्या सर्व जागा एकाच गटाला देता येणार नाहीत, अशा मर्यादाही घातल्या. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांनी भिन्नमत नोंदविले. बहुमतातील चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींमधील संपन्न थराला वगळण्याचा विचारही मांडला. त्यांत अमरावतीच्या आंबेडकरी घराण्यातून आलेले आणि पुढे २०२५ साली सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती भूषण गवई हेही होते. निर्णयाच्या निषेधार्थ २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारत बंद पुकारण्यात आला. तेलंगणने मात्र १४ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्याच दिवशी, आपल्या ५९ अनुसूचित जातींचे तीन गट करून उपवर्गीकरण अमलात आणले. एकाच महामानवाचे नाव घेऊन एक बाजू रस्त्यावर उतरली आणि दुसऱ्या बाजूने पेढे वाटले. याहून अधिक परखड चर्चेची गरज असलेला प्रश्न कोणता असू शकेल?

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. अनुसूचित जातींची यादी अस्पृश्यतेच्या निकषावर झाली आणि संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार तिच्यात फेरबदल करण्याचा अधिकार संसदेचा आहे, असे ते म्हणतात. राखीव जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, अनुशेष साचतो, सरकारी नोकऱ्या कंत्राटदारांकडे जातात, आणि अशा वेळी उरलेल्या भाकरीच्या वाटणीवरून भावाभावांत कलह लावला जातो, असा त्यांचा आरोप आहे. आपल्यासारख्या बौद्धांची आणखी एक व्यथा आहे. जे जातीचे नाव आपल्या आजा-पणजांनी दीक्षाभूमीवर टाकून दिले, त्याच नावाच्या गटात आपल्याला पुन्हा बसविले जाणार काय?

आता दुसरी बाजू. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत. त्यांत महार व बौद्धांच्या खालोखाल मातंगांची संख्या आहे. आपल्या पूर्वजांना पलटणीची, गिरणीची, रेल्वेची वाट तुलनेने लवकर सापडली. शिका, हा बाबासाहेबांचा आदेश आपल्या वस्त्यांत घरोघर पोहोचला. दोर वळणाऱ्या, केरसुण्या बांधणाऱ्या, हलगी वाजविणाऱ्या मातंग कुटुंबांना गावगाड्यातून तशी वाट त्या प्रमाणात मिळाली नाही. मातंगांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी २००३ साली महाराष्ट्र शासनाला लहुजी साळवे आयोग नेमावा लागला. गटारात उतरणारा मेहतर-वाल्मीकी समाज तर याहूनही मागे आहे. "संधी एकच असली, तरी शर्यतीच्या प्रारंभरेषा वेगळ्या आहेत," असे हे बांधव म्हणतात. नेमके हेच वाक्य आपण आयुष्यभर सवर्णांना ऐकवीत आलो आहोत.

येथे मला ब्रिटनमधील आपल्याच लढ्याची आठवण करून द्यावीशी वाटते. २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना मिळाला, आणि २०१३ साली संसदेने त्या अधिकाराचे कर्तव्यात रूपांतर केले. त्यानंतर सरकारने २०१७ साली लोकांची मते मागविली, आणि २०१८ साली, न्यायालयीन निर्णयांमुळे पुरेसे संरक्षण मिळते असे सांगून, स्वतंत्र तरतूद न करण्याचे ठरविले. या काळात विरोधकांनी कोणता युक्तिवाद केला? "या देशात जात उरलेलीच नाही. तिचा उच्चार केल्याने ती उलट वाढेल. आपल्या समाजात फूट पडेल." आपण त्यावर म्हणालो की, जे अन्याय सोसतात त्यांना विचारा, मौनाने जात मरत नाही. मग उपवर्गीकरणाचा विषय निघताच आपण तोच युक्तिवाद कसा करतो? बर्मिंगहॅमसारख्या एकाच शहरात रविदासांची मंदिरे आहेत, वाल्मीकींची मंदिरे आहेत आणि आपली बुद्ध विहारेही आहेत. त्यांच्यात जाणे-येणे किती आहे, हे आपणच आपल्या मनाला विचारावे.

चर्चेची महती सांगून स्वतःचे मत झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, म्हणून ते सांगतो. माझ्या मते, खऱ्या आकडेवारीच्या आधारे जे समाज मागे राहिलेले दिसतील, त्यांचा वेगळा वाटा आपण पुढाकार घेऊन मान्य केला पाहिजे. त्याच वेळी अनुशेष भरण्याची आणि खासगीकरणात हरवलेल्या जागा परत मिळविण्याची मागणी त्यांच्या खांद्याला खांदा लावून केली पाहिजे. संपन्न थराला वगळण्याचा विचार मात्र मला पटत नाही, कारण पगार वाढल्याने अस्पृश्यतेचा डाग पुसला जात नाही. याच देशात उत्तम पगाराची नोकरी करीत असताना "तुमचे आडनाव काय? गाव कोणते?" या प्रश्नांमागचा रोख आपल्यापैकी अनेकांनी ओळखलेला आहे. येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना माझ्या मताचा पहिला भाग पटणार नाही, आणि काहींना दुसरा. मला ते ऐकावयाचे आहे.

हे ऐकण्याचे कर्तव्य आपणा परदेशस्थांवर अधिक आहे. आपल्या मुलांना त्या राखीव जागांची गरज उरलेली नाही. निर्णय कोणताही झाला, तरी आपल्या घरातील चूल पूर्ववत पेटत राहील. ज्याला काही गमवावयाचे नाही, त्याला निर्भयपणे विचार करण्याची मोकळीक असते. परंतु त्याच मोकळिकीमुळे बेजबाबदारपणे बोलण्याचा मोहही होतो. गावाकडील भावाला दूरध्वनीवरून घोषणा ऐकविणे सोपे आहे. त्याच्या मुलाची भरती तीन वर्षे का रखडली, हे त्याच्याकडून तासभर ऐकून घेणे कठीण आहे. आपल्या मुलांचाही विचार करा. ती येथील शाळांत वादविवाद शिकतात, पुरावा मागतात. घरी मात्र त्यांना प्रतिमेपुढे हात जोडावयास शिकविले जाते आणि प्रश्न विचारताच गप्प बसविले जाते. अशी मुले पंचवीस वर्षांची झाली की आपल्या समारंभांना येत नाहीत, आणि मग ती बिघडली असे आपण म्हणतो.

म्हणून मी एक सूचना मांडतो. वर्षावासात आपल्याकडे घरोघरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. येत्या वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, दर महिन्याची एक बैठक एका वादग्रस्त प्रश्नासाठी राखून ठेवावी. पहिली उपवर्गीकरणावर घ्यावी, दुसरी संपन्न थराच्या प्रश्नावर, आणि तिसरी आपल्या घरांतील स्त्रियांच्या स्थानावर, ज्याविषयी आपण पुरुषमंडळी फारच थोडे बोलतो. संपूर्ण संध्याकाळ द्यावी, घड्याळ बाजूला ठेवावे. ज्या निकालावर बोलावयाचे तो निकाल किंवा त्याचा विश्वसनीय सारांश आधी वाचून यावे. दुसऱ्याचे म्हणणे खोडण्यापूर्वी ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून दाखवावे. बोलणाऱ्याची पोटजात, जिल्हा आणि पक्ष यांचा उल्लेखही होऊ नये. 'विकला गेला', 'गद्दार' हे शब्द दाराबाहेर ठेवावेत. तरुणांनी आणि स्त्रियांनी आधी बोलावे, पदाधिकाऱ्यांनी शेवटी. मातंग आणि वाल्मीकी कुटुंबांना श्रोते म्हणून न बोलावता वक्ते म्हणून बोलवावे, आणि ते आपल्या घरी जेवून जावेत. दोन्ही बाजूंचा वृत्तांत पुढील वर्षीच्या स्मरणिकेत शेजारी शेजारी छापावा, जसे बाबासाहेबांनी आपल्या टीकाकाराला आपल्याच ग्रंथात स्थान दिले.

यातून एकमत होईलच, असे आश्वासन मी देणार नाही. नागसेन आणि मिलिंद यांची चर्चाही एका बैठकीत संपली नव्हती. काही मने दुखावतील. एखादे कुटुंब महिनाभर रुसून बसेल. परंतु जी संस्था एका अवघड प्रश्नाने मोडते, ती केवळ मौनावर उभी होती असे समजावे. जी संस्था असा प्रश्न पेलते, तिच्यात आपली मुले स्वतःहून येतील, आणि आज दूर उभे असलेले आपले बांधवही येतील.

आश्विन पौर्णिमा हा पवारणेचा दिवस आहे, आणि तिच्या आसपासच आपण हा समारंभ करीत असतो. ज्येष्ठाने प्रथम विनंती करावी असा त्या विधीचा नियम मी मघाशी सांगितला. वयाने मी या सभेत ज्येष्ठांपैकी एक आहे. म्हणून आज मी जे बोललो त्यात आपणास जे काही दोषास्पद दिसले, ऐकू आले किंवा ज्याविषयी शंका वाटली, ते आपण मला भोजनापूर्वीच सांगावे, अशी हात जोडून विनंती करतो. सभागृह रिकामे करण्यास अजून पाऊण तास आहे, असे मी व्यवस्थापकांकडून आधीच विचारून घेतले आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.